एकदा दाबलं म्हणजे नक्की किती वेळा दाबलं?

(पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. बोलण्यात आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ जमतील तेवढे काढलेत. सगळे काढले तर भाग निम्मा होईल.)

आजचा विषय जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा आहे. आधी दोन आवाज ऐका.

[इथे माइकजवळ दोन बटणं दाबून दाखवली आहेत. पहिल्याचा ‘टक’ स्वच्छ ऐकू येतो. दुसऱ्याचा काहीच आवाज नाही. वाचणाऱ्यांनी दुसऱ्यासाठी या ओळीकडे दोन सेकंद नुसतं बघावं.]

पहिलं होतं टेबल लॅम्पचं बटण. दुसरं मायक्रोवेव्हवरचं ‘स्टार्ट’, प्लग काढून दाबलेलं. तेही बटणच आहे, पण हाताला लागतं तो नुसता गुळगुळीत प्लास्टिकचा कागद. अशा बटणांना मेम्ब्रेन स्विच म्हणतात. मायक्रोवेव्ह, वॉशिंग मशीन, ट्रेडमिल, बाजारातला वजनकाटा, पॅथॉलॉजी लॅबमधली यंत्रं, हॉस्पिटलमधला सलाइनचा पंप, सगळीकडे तेच. आणि इंजिनीअरिंग केलेल्या प्रत्येकाला आठवेल तो चार बाय चारचा काळा कीपॅड, निळ्या-लाल कळांचा, मागे चिकटपट्टी, खाली आठ तारांची चपटी शेपटी. ‘पासवर्ड बेस्ड डोअर लॉक’ नावाचा प्रोजेक्ट त्याच्याशिवाय या देशात बहुधा एकाही कॉलेजात झालेला नाही.

माझं काम फर्मवेअरचं, म्हणजे यंत्राच्या आतल्या छोट्या चिपवर चालणारं सॉफ्टवेअर लिहिण्याचं. सध्या वजनकाट्यांचं. त्यामुळे हा चपटा कागद रोज माझ्या टेबलावर असतो. हे बटण बोटाला जवळजवळ काहीच सांगत नाही. ‘ऐकलं बरं का’ हे उत्तर दुसऱ्या कुणीतरी द्यावं लागतं, आणि ते देण्याची जबाबदारी बहुतेक वेळा आमच्यासारख्यांवर, सॉफ्टवेअरवाल्यांवर, येऊन पडते. आज त्याबद्दलच बोलू.

आधी आत काय असतं ते बघू.

एका वहीची तीन पानं डोळ्यांसमोर आणा. वरच्या पानाच्या खालच्या बाजूला चांदीच्या शाईने रेघा छापलेल्या. खालच्या पानाच्या वरच्या बाजूला तशाच रेघा. आणि मधल्या पानाला, जिथे जिथे बटण हवं तिथे तिथे, गोल भोकं. एरवी वरच्या आणि खालच्या रेघा एकमेकींना शिवत नाहीत, कारण मध्ये पान आहे. भोकाच्या जागी वरून दाबलं की वरचं पान खाली झुकतं, रेघ रेघेला टेकते, वीज वाहते. बोट उचललं की पान आपोआप वर. संपलं. स्प्रिंग नाही, स्क्रू नाही, हलणारा सुटा भाग नाही.

चांदीची शाई ही काही अलंकारिक भाषा नाही हं. खरोखर चांदीचे बारीक कण असलेली शाई पॉलिएस्टरवर स्क्रीन प्रिंटिंगने छापतात. लग्नपत्रिका छापतात त्याच पद्धतीने, फक्त इथे अक्षरांऐवजी सर्किट छापलं जातं. मधलं भोकांचं पान दोन्ही बाजूंनी चिकट असतं, त्याला स्पेसर म्हणतात. त्याची जाडी साधारण ०.१ ते ०.२५ मिलिमीटर, आणि साध्या मेम्ब्रेन बटणात बोटाला मिळणारा प्रवासही तेवढाच. लॅपटॉपची कळ मिलिमीटरभर तरी खाली जाते. इथे त्याच्या पाव भागही नाही. बोटाला कळणार काय?

या तिन्हींच्या वर आपल्याला दिसतो तो रंगीत, अक्षरांचा थर. त्यात एक छान गोष्ट आहे. अक्षरं या थराच्या वर नाही, मागच्या बाजूला उलटी छापलेली असतात आणि आपण ती पारदर्शक प्लास्टिकमधून बघतो. म्हणून वर्षानुवर्षं बोटं घासली तरी ‘स्टार्ट’ पुसलं जात नाही. रिमोटवरचे आकडे पुसले जातात, मायक्रोवेव्हवरचे नाही, त्याचं कारण हे.

आणि हवा! भोकात हवा अडकलेली असते. दाबलं की ती जाणार कुठे? म्हणून स्पेसरमध्ये एका भोकातून दुसऱ्या भोकाकडे बारीक वाटा कापलेल्या असतात. एक बटण दाबलं की त्याची हवा शेजाऱ्यांकडे सरकते. पूर्ण सीलबंद पॅनल समुद्रसपाटीवर बनवून उंच डोंगरावर नेला, तर बाहेरचा दाब कमी झाल्यामुळे बटणं फुगतात, घाटात वेफर्सची पाकिटं फुगतात तशीच. बरं, हवेला बाहेर वाट ठेवली, तर त्याच वाटेने दमट हवा आत येते. दोन्हीकडून पंचाईत. यंत्र कुठे वापरणार हे आधी विचारून मग ठरवतात.

आता ‘टक’कडे येऊ. काही मेम्ब्रेन बटणं टक करतात, हे तुम्ही म्हणाल. बरोबर. त्यांच्यात वरच्या पानाखाली स्टीलची एक छोटी घुमटी बसवलेली असते. जत्रेत पूर्वी पत्र्याचा बेडूक मिळायचा बघा, पोटाखालची पट्टी दाबली की टक-टक वाजणारा. तेच विज्ञान. वक्र पत्र्याला दाबत गेलात की तो एका क्षणापर्यंत तग धरतो आणि मग एकदम उलटा बसतो. त्या ‘एकदम’मध्ये सगळी गंमत आहे. समजा, घुमटी उलटायला ३४० ग्रॅमचा दाब लागला आणि उलटल्यावर बोटाला लागणारा विरोध १७० ग्रॅमवर आला. म्हणजे ५० टक्के घट. बोट वाचतं ते हा उतार. एकूण दाब किती, याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसतं. उतार फार कमी असेल तर बटण मऊ, मेल्यासारखं लागतं. फार जास्त असेल तर आवाज मस्त येतो, पण घुमटी लवकर थकते.

स्टीलची घुमटी घातली की खर्च वाढतो, म्हणून अनेक ठिकाणी ती गाळतात. गाळू नये असं माझं मत. पण बिल मी भरत नसल्यामुळे माझं मत फारसं विचारलं जात नाही.

हा प्रश्न नवा नाही. १९७९ साली अटारी कंपनीचा अटारी ४०० हा घरगुती कॉम्प्युटर आला. त्याला सपाट मेम्ब्रेन कीबोर्ड होता. लहान मुलं वापरणार, खाऊ सांडणार, पाणी सांडणार, म्हणून भेगा नसलेला पृष्ठभाग. विचार चांगला होता, पण टाइप करणाऱ्याला कळ लागली की नाही हे कळेना. त्यावर अटारीने दोन उपाय केले. प्रत्येक कळीभोवती बारीक उंचवटा दिला, म्हणजे बोटाला घर सापडेल. आणि कॉम्प्युटरच्या आतल्या स्पीकरमधून दर कळीला ‘टिक’ असा आवाज काढला. कळ मुकी, म्हणून सॉफ्टवेअर तिच्या वतीने बोललं.

इंग्लंडमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी १९८० साली झेडएक्स ८० आणि १९८१ साली झेडएक्स ८१ काढला. झेडएक्स ८१ तयार स्थितीत ६९.९५ पौंडांना, मेमरी १ किलोबाइट. हो, १ किलोबाइट. ४० कळांचा सपाट कीबोर्ड. आणि आवाजाची सोयच नाही, म्हणजे टिकटिकही शक्य नाही. मग? त्यात एक युक्ती होती. ओळीच्या सुरुवातीला ‘पी’ दाबलं की पडद्यावर अख्खा ‘प्रिंट’ हा शब्द उमटायचा. मूळ हेतूंमधला एक मेमरी वाचवण्याचा, कारण अख्खा शब्द एका बाइटमध्ये मावायचा. पण परिणाम असा, की त्या वैतागवाण्या कीबोर्डवर बोटं कमी वेळा आपटावी लागायची. इनपुटचं यंत्र वाईट असेल तर इनपुटच कमी मागा, हा धडा मला कुठल्याही पुस्तकापेक्षा त्या कॉम्प्युटरने चांगला शिकवला. आणि आधीच्या झेडएक्स ८० ची गंमत ऐका. त्याचा प्रोसेसर एका वेळी एकच काम करू शकायचा, एक तर पडदा रंगवायचा किंवा कळ वाचायची. त्यामुळे प्रत्येक कळीला पडदा क्षणभर लुकलुकायचा. लोक या लुकलुकीला नावं ठेवायचे, पण त्या मुक्या कीबोर्डवर कळ लागल्याची पावती तीच.

एक छोटी चुगली करून पुढे जाते. मेकॅनिकल कीबोर्डवाले मेम्ब्रेनला तुच्छ लेखतात, आणि त्यांचा आद्य दैवत म्हणजे आयबीएमचा १९८५चा मॉडेल एम. त्याच्या त्या प्रसिद्ध खणखणीत स्प्रिंगांच्या खाली काय आहे? मेम्ब्रेन. वाजणारी स्प्रिंग वर, टेकणारा कागद खाली.

आता माझ्या भागाकडे. कागद टेकला, वीज वाहिली, पुढे काय?

त्या चार बाय चारच्या कीपॅडवर १६ कळा आहेत आणि तारा फक्त आठ. कारण प्रत्येक कळीला स्वतंत्र तार दिली तर शेपटी पंख्याच्या पात्याएवढी होईल. म्हणून चार आडव्या ओळी, चार उभ्या ओळी. चिप एका आडव्या ओळीला हाक मारते, ‘कोण आहे का?’ आणि चारही उभ्या ओळींवर उत्तर ऐकते. मग दुसरी ओळ, तिसरी, चौथी, पुन्हा पहिली. सेकंदाला शेकडो वेळा. शाळेतल्या हजेरीसारखं, फक्त बाई प्रचंड घाईत आहेत.

या हजेरीत एक खोटा आवाज येऊ शकतो. १, २ आणि ४ या तिन्ही कळा एकदम दाबल्यात, तर चिपला वाटतं की ५ सुद्धा दाबली आहे. दुसऱ्या ओळीची हाक ४ मधून पहिल्या उभ्या ओळीत शिरते, तिथून १ मधून उलटी वर जाते आणि २ मधून दुसऱ्या उभ्या ओळीवर उतरते. शेजारच्याची हजेरी दुसऱ्यानेच दिली. याला घोस्टिंग म्हणतात. महागड्या कीबोर्डमध्ये प्रत्येक कळीला डायोड लावून हा उलटा रस्ता बंद करतात. प्लास्टिकच्या कागदावर ते स्वस्तात जमत नाही, म्हणून आम्ही सॉफ्टवेअरमध्ये सरळ नियम लिहितो: दोनापेक्षा जास्त कळा दिसल्या तर काहीच ऐकू नका.

पण खरा गोंधळ एका कळीतच असतो. तुम्ही एकदा दाबता. तुमच्या दृष्टीने एकदा. चिप सेकंदाच्या हजाराव्या भागात बघू शकते, आणि तिला दिसतं असं: टेकलं, सुटलं, टेकलं, सुटलं, सुटलं, टेकलं, टेकलं, टेकलं. दोन पृष्ठभाग भेटताना थरथरतात, चेंडू जमिनीवर थांबण्याआधी चार टप्पे घेतो तसे. याला बाउन्स म्हणतात, आणि तो काही मिलिसेकंद चालतो. जुन्या, थकलेल्या, दमट पॅनलमध्ये जास्त. सॉफ्टवेअरने दर टेकण्याला एक दाबणं मोजलं, तर तुमचं एक दाबणं तीन होतं.

उपाय साधा आहे आणि शंभर प्रकारांनी लिहिता येतो. दर ५ मिलिसेकंदांनी बघा. सलग चार वेळा ‘टेकलेलं’ दिसलं तरच दाबलं म्हणा. सलग चार वेळा ‘सुटलेलं’ दिसलं तरच सोडलं म्हणा. मधलं सगळं दुर्लक्षित. एकूण उशीर २० मिलिसेकंदांचा, माणसाला जाणवतही नाही. याला डीबाउन्सिंग म्हणतात. कॉलेजात हे व्हायव्हामध्ये विचारतात, आपण पाठ केलेलं उत्तर देतो आणि विसरतो.

ते विसरण्यासारखं का नाही, ते आता सांगते.

अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था आहे, एफडीए. एप्रिल २०१० मध्ये तिने इन्फ्युजन पंपांबाबत एक मोहीम जाहीर केली. इन्फ्युजन पंप म्हणजे शिरेतून औषध ठरावीक वेगाने सोडणारं यंत्र, आयसीयूमध्ये खाटेशेजारी उभं असतं ते. २००५ ते २००९ या पाच वर्षांत या पंपांबद्दल सुमारे ५६,००० घटनांचे अहवाल त्यांच्याकडे आले होते आणि ८७ वेळा पंप बाजारातून परत मागवावे लागले होते. कारणं अनेक होती. बॅटरी, अलार्म, तुटके भाग, गोंधळात टाकणारे पडदे. सगळं खापर बटणांवर फोडू नका. पण सॉफ्टवेअरच्या दोषांच्या यादीत एक दोष नावानिशी होता: की बाउन्स. म्हणजे पंपाने कळीचं एक दाबणं अनेक दाबणं म्हणून धरणं.

आता मनात चित्र आणा. नर्सला तासाला १५ मिलिलिटरचा वेग द्यायचा आहे. ती १ दाबते, ५ दाबते. पंपाने ५ दोनदा ऐकला. पडद्यावर १५५. तिने पडद्याकडे बघून, वाचून, मग ‘चालू’ दाबलं तर ती थांबेल. पण रात्रीचे तीन वाजलेत, शेजारच्या खाटेचा अलार्म वाजतोय, आणि पंपावर असाच सपाट पॅनल आहे ज्याने बोटाला ‘दोनदा लागलं’ की ‘एकदा लागलं’ यातलं काहीच सांगितलं नाही. दहापट औषध. व्हायव्हातलं दोन मार्कांचं उत्तर हे आहे.

म्हणून ‘डीबाउन्स लायब्ररी वापरली की झालं’ असं कुणी म्हणालं की मी थोडी चिडते. लायब्ररी टेकणं-सुटणं निस्तरते. नर्सला काय कळलं, हे ती बघत नाही.

तर, यंत्राने उत्तर कसं द्यावं? इथे माझी काही ठाम मतं आहेत.

बीप कधी वाजवायचा? अनेक स्वस्त यंत्रांमध्ये कागद टेकला की बीप वाजतो. चूक. टेकणं म्हणजे स्वीकारणं नव्हे. घोस्टिंगमुळे यंत्राने कळ नाकारली असेल, त्या क्षणी ते बटण चालू नसेल, मर्यादेबाहेरचा आकडा असेल, तरी बीप वाजला, तर तो खोटं बोलला. बीप स्वीकारल्यानंतर वाजला पाहिजे, आणि नाकारलं तर वेगळा वाजला पाहिजे. २०-३० मिलिसेकंदांनी उशिरा वाजला तरी माणसाला तो ‘लगेच’च वाटतो. साधारण १०० मिलिसेकंदांच्या पुढे गेलात, की माणूस पुन्हा दाबतो. आणि मग ते दुसरं दाबणं खरंच दुसरं असतं. तिथे डीबाउन्स काही करू शकत नाही.

चुकीला जागा नसते तिथे उत्तर एकापेक्षा जास्त वाटांनी देतात. आपलं मतदान यंत्र आठवा. तिथे मोठी निळी बटणं असतात. दाबलं की उमेदवाराच्या नावासमोर लाल दिवा लागतो, लांब बीप ऐकू येतो, आणि व्हीव्हीपॅटच्या काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसते. शिवाय बटणांशेजारी ब्रेलमध्ये क्रमांक. डोळे, कान, बोट, तिघांनाही काहीतरी मिळतं. एका दाबण्यासाठी इतका खटाटोप, आणि तो योग्यच आहे.

याउलट घरातली यंत्रं. माझ्या आजीला मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही बारीक दिसत नाही. जुन्या मिक्सरचं गोल बटण ती अंधारातही फिरवते, कारण किती फिरलं ते हाताला कळतं. मायक्रोवेव्हसमोर मात्र ती हतबल. ‘अगं, ही सगळी पाटीच कोरी आहे, मी दाबू कुठे?’ मग तिनेच उपाय काढला. ‘स्टार्ट’वर एक टिकली चिकटवली, कपाळाला लावतात ती, आणि ‘स्टॉप’वर दोन. आता बोटाने चाचपडून लावते. अटारीने १९७९ मध्ये कळीभोवती उंचवटा दिला होता, ते काम आजीने टिकलीच्या पाकिटात केलं. कारखान्यात ते करायला फारसा खर्च नाही. वरचा थर साच्यात दाबून बटणाची कड उठवतात, त्याला एम्बॉसिंग म्हणतात. आकड्यांच्या कीपॅडवर ५ वर एक ठिपका उठवला की बाकीचे नऊ आकडे बोटाला सापडतात. आपल्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात, २०१६च्या, सर्वांना वापरता येतील अशा ग्राहकोपयोगी वस्तू बनाव्यात यासाठी सरकारने पावलं उचलावीत असं लिहिलेलं आहे. दुकानात जाऊन कोऱ्या पाट्या मोजा.

मग हे असलं मुकं बटण वापरायचंच कशाला? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर मला मासळी बाजारात मिळालं.

काट्यांच्या कामासाठी आम्ही बाजार हिंडतो. मासळी बाजारात इलेक्ट्रॉनिक काट्यावर सहसा एक प्लास्टिकची पिशवी चढवलेली असते. कोळणीचा हात ओला, खवले चिकटलेले, मिठाचं पाणी, बर्फाचं पाणी. ती पिशवीवरूनच ‘झीरो’ दाबते, पाटी ठेवते, वजन बघते. तिथे मोबाइलसारखा काचेचा टचस्क्रीन ठेवून बघा. टचस्क्रीन बोटाची वीज ओळखतो. ओला हात, वर पाण्याचे थेंब, मध्ये ढगळ पिशवी, तो वेडा होईल. फटी असलेली उठावाची बटणं ठेवली, तर आठवड्यात फटीत मीठ आणि खवले. मेम्ब्रेनला फक्त दाब कळतो. बोट ओलं की कोरडं, हातमोजा की पिशवी, त्याला फरक पडत नाही. फट नाही म्हणून आत काही जात नाही, आणि फडक्याने पुसलं की स्वच्छ. हॉस्पिटलात, लॅबमध्ये, कारखान्यात तो टिकून आहे तो याच कारणाने. दुकानदार सपाट दिसणाऱ्या सगळ्यालाच ‘टच’ म्हणतात, पण दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे: एकाला स्पर्श लागतो, दुसऱ्याला जोर.

त्या बाजारातच मी आणखी एक बघितलं. ‘झीरो’ दाबल्यावर ती बाई बटणाकडे बघतच नाही. तिची नजर लाल आकड्यांवर आणि कान बीपकडे. गोंगाटात बीप ऐकू नाही आला तर ती पुन्हा दाबते. म्हणून आमच्या काट्यात शून्य झालं की आकडे क्षणभर विझून पुन्हा लागतात. झेडएक्स ८० ची लुकलुक, पण मुद्दाम केलेली. गिऱ्हाइकालाही ती दिसते, आणि ‘शून्य केलंस का गं आधी?’ हा वाद मिटतो.

शेवटी एका श्रोतीचा प्रश्न. ‘बटण दहा लाख वेळा दाबलं तरी चालतं म्हणतात, मग माझ्या मायक्रोवेव्हचं स्टार्ट पाच वर्षांत का गेलं?’

गणित तर तुमच्या बाजूने आहे. दिवसाला दहा वेळा दाबलं, तर वर्षाला ३,६५०. दहा लाखाला पावणेतीनशे वर्षं लागतील. पण तो आकडा येतो चाचणीच्या यंत्रावरून. रबराचं बोट, बटणाच्या बरोब्बर मध्यावर, ठरावीक जोराने. आपण दाबतो नखाने, कडेवर, तेलकट हाताने, आणि नाही लागलं तर अंगठ्याने. नखाने वरच्या थराला बारीक भोक पडतं, त्यातून वाफ आत जाते. वरचा थर पॉलिकार्बोनेटचा असेल तर तो सतत वाकवल्याने आणि काही क्लीनर्समुळे तडकतो. पॉलिएस्टर जास्त चिवट असतं. आणि चांदीचं आणखी एक दुखणं आहे. दमटपणा आणि सततचा विजेचा दाब मिळाला, की चांदीचे कण एका रेघेकडून दुसरीकडे हळूहळू सरकत जातात, शेवाळासारखे, आणि एक दिवस दोन रेघा जोडल्या जातात. मग कुणीही न दाबता बटण दाबलेलं राहतं. मुंबई-कोकणातला पावसाळा याला अगदी मानवतो. चांगले उत्पादक चांदीवर कार्बनच्या शाईचा थर देतात, त्याने हे रोखलं जातं. आणि चांगलं फर्मवेअर यंत्र चालू होताना एकदा तपासतं, की कुठली कळ आधीपासूनच दाबलेली तर नाही ना. असेल तर ती ऐकायची नाही, पडद्यावर एरर दाखवायचा.

दुरुस्तीबद्दल. मायक्रोवेव्ह स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतभार शिल्लक असू शकतो. तंत्रज्ञाला बोलवा आणि त्याला दोन गोष्टी विचारा. पहिली, शेपटी तपासली का? पॅनलची चपटी शेपटी घडी पडून चिरलेली असते किंवा सॉकेटमधून ढिली झालेली असते, आणि दोष बटणाला जातो. ढिली असेल तर नुसती नीट बसवून भागतं. चिरली असेल तर सोल्डरिंग चालत नाही, प्लास्टिक वितळतं. दुसरी, फक्त पॅनल मिळेल का? अनेक मॉडेलचे सुटे पॅनल बाजारात मिळतात. मल्टिमीटर लावून बटण दाबल्यावर रोध साधारण शे-दोनशे ओहमच्या आत आला, तर बटण ठीक आणि दोष पुढे बोर्डात आहे; काहीच आलं नाही तर बटण गेलं; न दाबताच आला तर आत ओल किंवा ती सरकलेली चांदी. ‘बोर्डच बदलावा लागेल, त्यापेक्षा नवा घ्या’ हे ऐकण्याआधी एवढी मोजणी मागा. नवा पॅनल लावताना जुना गोंद पूर्ण काढायला सांगा, आणि पॅनल एकदाच, सरळ लावायचा असतो, उचलून पुन्हा चिकटवला की शेपटीला ताण बसतो. गोंदाची पूर्ण पकड यायला दिवस-दोन दिवस लागतात, तोवर ओलं फडकं मारू नका.

एवढंच. पुढच्या भागात वॉशिंग मशीनचा गोल नॉब, जो फिरतच राहतो आणि कुठेच थांबत नाही, तो आपण कुठे आहोत हे यंत्राला कसं सांगतो ते बघू. तोवर भेटू.